घरची शुश्रूषा आणि बदललेले नियम : वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे

सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले, नोव्हेंबरात जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेल्या चार कामगार संहिता लागू झाल्या, आणि आरोग्य विम्याचे नियम २०२४ पासूनच हलत आहेत. घरी आया किंवा नर्स पाठवणाऱ्या ब्युरोंना आणि त्यांच्यावर विसंबलेल्या कुटुंबांना या सगळ्याचा एकत्र फटका बसतो आहे. आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

मुलुंडमध्ये माझा छोटा ब्युरो आहे. ऑफिसात आम्ही तिघे, ड्युटीवर १८ आया आणि ४ नर्स. आया आमच्या नोकरीत नाहीत, आम्ही फक्त काम मिळवून देतो, असं धरूनच आजवर चाललो. नव्या संहितांमुळे नेमकं काय बदलेल? दर वाढवावे लागतील का?

आधी चार प्रश्नांची खरी उत्तरं द्या. ड्युटी कोण लावतो? बाईने सुट्टी घेतली तर बदली बाई कोण पाठवतो? पेशंटच्या घरचे पैसे कोणाच्या खात्यात जमा होतात? आणि बाईचा पगार कोण देतो? चारही ठिकाणी 'ब्युरो' येत असेल, तर करारात 'स्वतंत्र सेवादाता' असं कितीही ठळक लिहा, कायद्याच्या नजरेत त्या तुमच्याच कर्मचारी ठरण्याची शक्यता दाट आहे. मग तुमची संख्या तीन नाही, २५ होते. ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) आणि ग्रॅच्युइटी १० कर्मचाऱ्यांपासून लागू होते, पीएफ २० पासून. हे आकडे जुनेच आहेत. बहुतेक ब्युरो आयांना मोजतच नव्हते, म्हणून ते आज नवे वाटतात.

नवी आहे ती 'वेतना'ची व्याख्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून घरभाडे, प्रवास, कामासाठीचा विशेष खर्च असे वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. उदाहरण घ्या. नर्सला महिन्याला ३४,००० रुपये मिळतात. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १४,०००, बाकी २०,००० भत्ते. निम्मे म्हणजे १७,०००. भत्ते त्याहून ३,००० ने जास्त, म्हणून वेतन १४,००० न राहता १७,००० होतं. पीएफची सक्तीची मर्यादा १५,००० असल्याने तुमचा १२ टक्के वाटा १,६८० वरून १,८०० वर जाईल, म्हणजे फरक किरकोळ. ग्रॅच्युइटीत मात्र जाणवेल. सेवेच्या प्रत्येक वर्षाला २६ दिवसांच्या हिशेबाने १५ दिवसांचं वेतन, म्हणजे सुमारे ८,०७७ ऐवजी ९,८०८ रुपये. मुदतीच्या करारावर घेतलेल्या व्यक्तीला एक वर्ष पूर्ण होताच ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. दर ११ महिन्यांनी करार तोडून नवा करण्याची युक्ती सुचवणारे भेटतील. पण मध्ये खंड न पडता तीच बाई त्याच पेशंटकडे जात असेल, तर ती युक्ती वादात फार वेळ टिकत नाही.

आयांच्या बाबतीत भत्त्यांपेक्षा बारा तासांची ड्युटी महाग पडते. आठ तासांची रोजी ६४० धरली तर तासाला ८० रुपये. पुढच्या चार तासांना जादा कामाचा दर दुप्पट, म्हणजे १६० रुपये. चार तासांचे पुन्हा ६४०. सकाळी ८ ते रात्री ८ या ड्युटीचे १,२८० रुपये झाले, आठ तासांच्या बरोबर दुप्पट. जेवणाचा तास वजा करायचा असेल तर तो खरोखर मोकळा हवा, म्हणजे त्या वेळात पेशंटकडे घरचं कोणीतरी बघत असलं पाहिजे. पेशंटच्या उशाशी बसून डबा खाल्ला तर तो कामाचाच वेळ. काही ब्युरो आता बारा तासांच्या दोन पाळ्यांऐवजी आठ तासांच्या तीन पाळ्यांचा विचार करत आहेत. कागदावर ते स्वस्त दिसतं, पण मुंबईत पाळी बदलण्याची वेळ लोकल ठरवते. रात्री बाराला सुटलेली बाई विरारला किंवा बदलापूरला कशी पोचणार? सकाळी ६, दुपारी २ आणि रात्री १० या वेळा त्यातल्या त्यात जमतात. रात्रपाळीला बाईची संमती लेखी घ्या, आणि जाण्यायेण्याच्या सुरक्षिततेची जबाबदारी तुमच्यावर आहे हे धरूनच दर काढा.

आणखी काही गोष्टी, ज्या बहुतेक ब्युरोंमध्ये राहून जातात. प्रत्येकीला नेमणूकपत्र द्यावं लागेल. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत. बाईने काम सोडलं किंवा तुम्ही काढलं, तर हिशेब दोन कामाच्या दिवसांत. सुरुवातीचे पंधरा दिवस 'डिपॉझिट' म्हणून दाबून ठेवायची पद्धत मुंबईत सर्रास आहे. वेतनातून करता येणाऱ्या कपातींच्या यादीत ती कुठेच बसत नाही, ती आजच बंद करा. कार्यस्थळी लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात राहतं घरही कामाची जागा मानलं आहे. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती नेमणं तुमच्यावर बंधनकारक आहे. पेशंटच्या नातेवाइकाविरुद्धची तक्रारही त्या समितीकडे येऊ शकते, त्यामुळे कुटुंबाबरोबरच्या करारात तसं कलम घाला.

दर वाढवावे लागतीलच. पण एकदम नको. राज्यात किमान वेतनाचा विशेष भत्ता दर सहामाहीला, जानेवारी आणि जुलैत, बदलतो. करारातच 'दर वर्षातून दोनदा, या तारखांना तपासला जाईल' असं लिहिलं की दर वेळी फोनवर भांडण होत नाही. आणि 'आया', 'प्रशिक्षित सहायक' आणि 'नोंदणीकृत नर्स' हे तीन दर वेगळे लिहा. कर, विमा आणि जबाबदारी या तिन्ही गोष्टी पुढे याच एका ओळीवर अवलंबून राहतात.

आईसाठी दिवसाची आया लावली आहे. ब्युरोने यंदा बिलावर १८ टक्के जीएसटी लावला. आरोग्यसेवेला जीएसटी नसतो ना? (दादर)

रुग्णालय, दवाखाना किंवा आजारावर उपचार-शुश्रूषा देणारी संस्था, तसंच पात्र डॉक्टर आणि निमवैद्यकीय कर्मचारी यांची आरोग्यसेवा करमुक्त आहे. डॉक्टरांच्या लेखी सूचनेनुसार नोंदणीकृत नर्स रोज ड्रेसिंग, सक्शन (साठलेला कफ यंत्राने ओढून काढणं), इंजेक्शन करते, त्याच्या नोंदी ठेवते, तर ती सेवा या सवलतीत बसवणं सोपं. नुसती सोबतीला बाई पाठवली, तिने आंघोळ घातली, जेवण भरवलं, तर ब्युरो त्याला मनुष्यबळ पुरवठा समजून १८ टक्के लावू शकतो. ती लबाडीच असेल असं नाही.

तुम्ही दोन गोष्टी बघा. बिलावर १५ अंकी-अक्षरी जीएसटी क्रमांक आहे का? महाराष्ट्राचा असेल तर तो २७ ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या पोर्टलवर तो कोणाच्या नावावर आहे हे दोन मिनिटांत कळतं. दुसरं, सेवेचा कोड. ९९९३ म्हणजे आरोग्य आणि सामाजिक काळजी, ९९८५ म्हणजे मनुष्यबळ आणि साहाय्य सेवा. बिलावर कोड ९९९३ चा, सेवा आजाऱ्याच्या शुश्रूषेची आणि तरी कर १८ टक्के, असं दिसलं तर लेखी खुलासा मागा. क्रमांकच नसेल तर एक पैसाही कर म्हणून देऊ नका.

ब्युरोवाल्यांसाठी एक खोच. सेवांसाठी नोंदणीची मर्यादा २० लाखांची आहे, पण ती मोजताना करमुक्त उलाढालही धरतात. वर्षाला १८.५ लाखांची नर्सिंग सेवा आणि खाटा, व्हीलचेअर भाड्याने देऊन २ लाख, असं असेल तर एकूण २०.५ लाख. नोंदणी करावी लागेल, जरी कर फक्त त्या दोन लाखांवरच असला तरी. आणि करमुक्त सेवेसाठी झालेल्या खर्चावरचा कर परत मिळत नाही. तो शेवटी तुमच्या दरातच येऊन बसतो.

थोडा दिलासाही आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैद्यकीय ऑक्सिजन, ग्लुकोमीटर आणि त्याच्या पट्ट्या, थर्मामीटर यांवर ५ टक्केच कर आहे, आणि वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर शून्य. कंपनीच्या गट विम्याला ही सवलत नाही.

वडिलांना पक्षाघात झाला. घरी सोडलं तेव्हा रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी आहाराची नळी) होती. दीड महिना नर्स लावली, विमा कंपनीने तो खर्च नाकारला. काय चुकलं? (बोरिवली)

बहुधा कागद चुकले. बिल 'अटेंडंट चार्जेस' या नावाने असेल, तर ते विमा नियामकाच्या न मिळणाऱ्या खर्चांच्या यादीतच आहे. त्याच यादीत खासगी विशेष नर्सचा खर्च, डायपर, चालण्याच्या काठ्या आणि रुग्णालयाबाहेर वापरलेला ऑक्सिजन सिलिंडरही आहे. म्हणून पहिलं काम, तुमची पॉलिसी काढून 'होम केअर ट्रीटमेंट' किंवा 'घरी नर्सिंग' असं स्वतंत्र कलम आहे का ते बघणं. ते असेल तर यादीपेक्षा ते कलम वरचढ. नसेल तर रुग्णालयानंतरच्या खर्चात काय धरलं आहे ते वाचा. सगळ्या कंपन्यांकडे सारख्याच अटींची असलेल्या आरोग्य संजीवनी पॉलिसीत हा काळ ६० दिवसांचा आहे, इतर पॉलिसींत कमी-जास्त.

'डोमिसिलियरी' हे निराळं प्रकरण आहे. पेशंट हलवण्याच्या स्थितीतच नव्हता किंवा रुग्णालयात खाट मिळाली नाही, म्हणून घरी उपचार, एवढ्याच दोन कारणांसाठी ते मिळतं. घरी बरं वाटतं म्हणून नाही.

कलम असेल तर कागद असे हवेत. डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांनी 'घरी काळजी घ्यावी' एवढंच लिहून भागत नाही. 'नोंदणीकृत नर्स, रोज १२ तास, ४५ दिवस, ट्यूबमधून आहार आणि सक्शनसाठी' असं काम, तास आणि मुदत घालून लिहून घ्या. रोजचा तक्ता हवा : रक्तदाब, नाडी, तापमान, दिलेलं औषध, ट्यूबमधून दिलेला आहार. त्यावर नर्सची सही, आणि होम केअरच्या कलमाखाली दावा असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचीही. ब्युरोच्या बिलावर नर्सचं नाव, नोंदणी क्रमांक, तारखा. आया आणि नर्स यांचं एकत्र बिल कधीही घेऊ नका, पूर्ण बिलच अडकतं. पैसे बँकेतून द्या. आणि मुदत पाळा. आरोग्य संजीवनीत रुग्णालयानंतरच्या खर्चाचा दावा, ते उपचार संपल्यापासून १५ दिवसांत पाठवायचा असतो.

आता नकाराचं पत्र पुन्हा वाचा. २०२४ च्या नियमांनुसार कंपनीच्या समितीच्या मंजुरीशिवाय दावा फेटाळता येत नाही, आणि कोणत्या कलमाखाली फेटाळला तेही सांगावं लागतं. दोन्ही लेखी मागा. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज करून महिनाभर उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबईचं कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला आहे. फी नाही, वकील लागत नाही.

सत्तरीच्या वरच्यांना मिळणाऱ्या आयुष्मान कार्डावर घरी नर्स मिळेल का? (परळ)

नाही. वर्षाला पाच लाखांपर्यंतचं ते संरक्षण रुग्णालयात दाखल होण्यासाठी आहे. घरी सोडल्यावर १५ दिवसांची औषधं त्यात येतात, शुश्रूषा नाही.

आमच्या ब्युरोच्या पाटीवर 'सरकारमान्य' लिहिलं आहे. ते कसं तपासायचं? आणि आलेली 'नर्स' खरी आहे का? (चेंबूर)

घरी शुश्रूषा पुरवणाऱ्या संस्थेसाठी महाराष्ट्रात वेगळा आरोग्य परवाना नाही. १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा खाटा असलेल्या ठिकाणांना लागतो, आणि २०१० चा केंद्राचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा राज्याने स्वीकारलेला नाही. पाटीवरचं 'सरकारमान्य' म्हणजे बहुतेक वेळा साधं गुमास्ता लायसन्स, म्हणजे दुकान-आस्थापनेची नोंदणी, असतं, जे किराणा दुकानालाही मिळतं. त्यामुळे ब्युरोपेक्षा येणाऱ्या माणसाचे कागद बघणं जास्त उपयोगाचं.

नर्स म्हणजे एएनएम, जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झालेली आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंद असलेली व्यक्ती. मूळ नोंदणीपत्र आणि नूतनीकरणाची तारीख बघा, नाव आधारशी जुळतं का ते बघा. काही महिन्यांचा जनरल ड्युटी असिस्टंट कोर्स केलेली ताई ही नर्स नव्हे. अंग पुसणं, दर दोन तासांनी कूस बदलणं, तोंडाने भरवणं, व्हीलचेअरवर बसवणं, नोंदी ठेवणं ही तिची कामं, आणि चांगली ताई ती नर्सपेक्षाही मन लावून करते. सलाइन, शिरेतलं इंजेक्शन, रायल्स ट्यूब किंवा कॅथेटर (लघवीची नळी) घालणं, ट्रॅकिओस्टॉमीचं (श्वासासाठी गळ्याला पाडलेल्या छिद्राचं) सक्शन ही नाहीत. ब्युरो फोनवर 'सगळं करते हो आमची बाई' म्हणाला, तर ते व्हॉट्सॲपवर लिहून मागा. बहुतेक वेळा तिथेच उत्तर बदलतं.

वापरलेल्या सुया, पट्ट्या, डायपर कुठे टाकायचे? (अंधेरी)

सुई टोपण न लावता जाड प्लास्टिकच्या बरणीत टाका, तीन-चतुर्थांश भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करा. घरातल्या सुया, सिरिंज आणि रक्त लागलेलं गॉज २०१६ च्या घनकचरा नियमांत घरगुती घातक कचऱ्यात धरले होते; ते सुक्या कचऱ्यात टाकू नका. महापालिकेने २०२५ मध्ये सॅनिटरी आणि विशेष काळजीच्या कचऱ्यासाठी वेगळी संकलन सेवा सुरू केली आहे. नोंदणी सोसायटीने करायची असते, म्हणून आधी सेक्रेटरींना विचारा. सोसायटीची नोंदणी झाली नसेल तर वॉर्ड ऑफिसच्या घनकचरा विभागात चौकशी करा. ड्युटीवर नर्स असेल तर बरणी आणि पिशव्या कोण आणणार हेही ब्युरोच्या करारात लिहून घ्या. नाहीतर हातमोजे न घालता कचरा वेगळा करणाऱ्या सफाई कामगाराच्या बोटात ती सुई जाते.