ॲप काढून परत टाकू नका, आधी हे वाचा

दादा, तुमच्या मेडिकलचं क्लाऊड बिलिंग दुपारपासून अडकलंय आणि सपोर्टवाला म्हणतोय ॲप अनइन्स्टॉल करून परत टाका, करू का, असं विचारलंयत. अजिबात नका करू. लॉगआउट पण नको, डेटा क्लिअर पण नको. राउटर, हॉटस्पॉट वगैरे बघून झालंच असेल, त्यात जात नाही.

आमचं फरसाण-मिठाईचं दुकान आहे. २० ऑक्टोबर २०२५, नरक चतुर्दशी, फराळाच्या ऑर्डरींची झुंबड, आणि दुपारी सव्वाबाराच्या सुमारास ॲमेझॉनचं अमेरिकेतलं क्लाऊड, म्हणजे ज्या भाड्याच्या कॉम्प्युटरांवर अशी ॲप्स चालतात ते, बसलं. आमची बिलं निघत होती, फक्त प्रत्येकापुढे 'पेंडिंग' येत होतं, म्हणजे ती काउंटरवरच्या टॅबलेटमध्येच साठत होती. सपोर्टला फोन लागला तर पलीकडच्या पोराने हेच सांगितलं, काढा आणि परत टाका. पेंडिंगचं काय विचारलं तर "सर, सगळं क्लाऊडवर सेफ असतं". झालं, लॉगिन होईना आणि पेंडिंग बिलं गेली ती गेलीच. विक्रीचं एक वेळ सोडा हो, पण चकली-अनारशांचे कोणाचे किती ॲडव्हान्स घेतले तेही त्यातच. संध्याकाळी बायका काउंटरवर, "अहो, दुपारी हजार दिलेत की!", आणि आम्ही त्यांच्याच पर्समधल्या पावत्यांचे फोटो काढतोय. ज्यांनी पावती टाकून दिली त्यांचं यूपीआय स्टेटमेंटवरून जुळवलं, रोखवाल्यांचं त्यांच्या शब्दावर.

आणि तक्रार कुठे नोंदवायची, तर त्याच बंद ॲपमध्ये! सेवा चालू की बंद ते दाखवणाऱ्या ॲपवाल्यांच्या स्टेटस पेजवर सगळं हिरवंगार. शेवटी काय दिलं, तर प्लॅनची मुदत थोडी वाढवून. उपकारच म्हणायचे.

विकताना "सर्व्हर मुंबईत आहे" म्हणाले होते. डेटा असेलही, ॲमेझॉनची मुंबईत २०१६ पासून सोय आहे, पण यांचं लॉगिन अमेरिकेत व्हर्जिनियाला विचारायला जायचं. हे हिंजवडीतल्या पुतण्याने सांगितलं, मी आयटीवाला नाही, चूकभूल द्यावी घ्यावी. तो म्हणे मशीन शाबूत होत्या, ॲमेझॉनच्या डायनामोडीबी या डेटाबेसचा पत्ता तेवढा डीएनएसमधून, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांच्या वहीतून, कोरा झाला. पत्ते लावणारे दोन ऑटोमॅटिक प्रोग्राम, एकाने उशिरा जुनी यादी चढवली, दुसऱ्याने जुनी म्हणून ती पुसली. दुकान उघडं, माल भरलेला, पण पाटी गायब. ते आपल्याकडच्या तीनच्या आत सुटलं, पण मागचं तुंबलेलं निस्तरायला रात्रीचे दोन वाजून गेले.

तेव्हा आत्ता काय, तर पेंडिंगच्या स्क्रीनचे मोबाईलवर फोटो काढा, सगळे, खालपर्यंत. मग बिलबुक काढा, वेगळी सीरिज चालते, जीएसटीत एकापेक्षा जास्त सीरिजना परवानगी आहे, तरी सीएला एकदा विचारा. तुमचं मेडिकल, म्हणजे बॅच नंबर आणि एक्सपायरी लिहाच. पैशांना छापील क्यूआर लावा, ॲपमधून निघणारा क्यूआर ॲपबरोबरच झोपतो.

कोणीतरी खाली 'क्लाऊड सोडा, डेस्कटॉपवर जा' म्हणेलच. आमची डेस्कटॉपची हार्डडिस्क उडाली म्हणून तर क्लाऊडवर आलो, त्यामुळे ते मला पटत नाही. पण रिन्यू करण्याआधी त्यांच्या माणसासमोर टॅब एअरप्लेन मोडवर टाकून बिलं करून बघा, आणि रोज रात्री एक्सेल काढून पेनड्राइव्हवर घ्या. गूगल ड्राइव्हवर टाकलंत तर तेही क्लाऊडच.

चालू झालं की लगेच अपडेट मारू नका. आधी पेंडिंगचा आकडा शून्य होऊ द्या, फोटोंशी ताळा करा, मग काय ते.