माशांवर पांढरे ठिपके आलेत, खाऱ्या पाण्याचा क्वारंटाइन टँक कसा लावू?

तुमच्या वर्णनावरून हा मरीन इच, म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन हा परजीवी वाटतो. मुख्य टँकमध्ये औषध अजिबात टाकू नका. यावरच्या औषधातल्या तांब्याने कोरल, कोळंबी, गोगलगायी मरतात आणि खडक-वाळू ते शोषून घेतात.

क्वारंटाइनसाठी, म्हणजे मासे वेगळे ठेवून औषध द्यायला, 40 ते 80 लिटरचा साधा काचेचा टँक पुरेल. तळ मोकळा ठेवा. हीटर, एअरपंपवर चालणारा स्पंज फिल्टर आणि लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे, एवढंच लागतं. फिल्टरमध्ये कार्बन असेल तर काढून ठेवा, तो औषध खेचून घेतो. पाण्याची खारटपणाची पातळी आणि तापमान मुख्य टँकइतकंच ठेवा.

खरा धोका अमोनियाचा, म्हणजे माशांच्या घाणीतून पाण्यात साठणाऱ्या विषाचा. नव्या स्पंजमध्ये तो संपवणारे जिवाणू नसतात, म्हणून एक जादा स्पंज मुख्य टँकच्या संपमध्ये (फिल्टरच्या जोडटाकीत) कायम ठेवत जा. आत्ता तसा नसेल तर रोज अमोनिया तपासा आणि लागेल तसं पाणी बदला. अमोनिया बांधणारी द्रव औषधं तांब्यासोबत नकोत, तांबं जास्त विषारी होतं. नव्याने घातलेल्या पाण्यात त्याच प्रमाणात तांब्याचं औषध घालायला विसरू नका.

तांब्याची मात्रा बाटलीवरचीच घ्या, दोन दिवसांत हळूहळू वाढवा, त्याच प्रकारच्या तांब्याला चालणाऱ्या किटने मोजा. 30 दिवस ती पातळी टिकवा. ठिपके चार-पाच दिवसांत गायब होतात आणि लोक तिथेच थांबतात. पण तेव्हा परजीवी अंगावरून गळून तळाशी कोष करून बसलेला असतो.

म्हणून सगळेच मासे हलवा, निरोगी दिसणारेसुद्धा, आणि मुख्य टँक 76 दिवस माशांविना चालू ठेवा. जाळी, बादली दोन्हीकडे वेगळी.