कोंबडीची पिल्लं लहान असतानाच नर-मादी कशी ओळखायची?

दहाच्या दहा माद्या निघाल्या म्हणून लगेच पेढे वाटू नका. तुम्ही लिहिलंय त्यानुसार पिल्लं तीन आठवड्यांची आहेत, दारावर आलेल्या विक्रेत्याकडून ‘गावरान’ म्हणून घेतलीत, अंड्यांसाठी तलंगा (तरुण माद्या) हव्यात आणि व्हिडिओत पाहून पंख उघडून पिसांची लांबी ताडलीत. ती युक्ती खोटी नाही, पण तुमच्या पिल्लांना ती लागू पडत नाही. ठरवून केलेल्या संकरातल्या पिल्लांवरच ती चालते, तीही अंड्यातून बाहेर आल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत.

यामागचं कारण एकदा कळलं की नेटवरचे निम्मे सल्ले तुम्हीच गाळून टाकाल. माणसात मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं, कोंबड्यांत आईकडून. नराकडे दोन झेड गुणसूत्रं असतात, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. म्हणजे तलंगेला तिचं एकुलतं एक झेड बापाकडूनच मिळतं. आईचं झेड जातं ते फक्त मुलग्यांकडे. पिसं सावकाश फुटण्याचा जीन या झेडवर असतो आणि तो वरचढ असतो, म्हणजे दोनपैकी एकाच झेडवर असला तरी त्याचंच चालतं. आता बाप लवकर पिसं फुटणाऱ्या जातीचा आणि आई सावकाश फुटणाऱ्या जातीची, अशी जोडी लावली तर काय होईल? सगळ्या मुली बापावर जातील, सगळे मुलगे आईवर. अशा एक दिवसाच्या पिल्लाचा पंख पसरला तर मादीची खालची मुख्य पिसं वरच्या झाकणपिसांपेक्षा लांब दिसतात; नराची दोन्ही सारखी, किंवा वरचीच जरा लांब. हॅचरीवाले, म्हणजे अंडी उबवून पिल्लं विकणारे, आई-बापांच्या अशा जाती मुद्दाम राखून ठेवतात. गावरान कळपात ही निवड केलीच कोणी? लवकर पिसं फुटणारा कळप असला की नर काय, मादी काय, सगळ्यांचे पंख व्हिडिओतल्या मादीसारखेच दिसतात. आणि तीन आठवड्यांनंतर तर ती तुलना करण्यात अर्थच उरत नाही.

रंगावरून ओळखण्याचं गणितही हेच. ऱ्होड आयलंड रेडचा लाल कोंबडा आणि ऱ्होड आयलंड व्हाइटसारखी ‘चंदेरी’ जीन असलेली पांढरी कोंबडी यांची पिल्लं पहिल्या दिवशीच वेगळी काढता येतात: तांबूस ती मादी, फिकट पिवळसर तो नर. तपकिरी अंडी देणाऱ्या बऱ्याच व्यापारी संकरांत हीच सोय असते. लाल कोंबड्याला पट्ट्यापट्ट्यांची प्लायमाउथ रॉक कोंबडी दिली तर पिल्लं काळी निघतात आणि नरांच्या डोक्यावर पांढरा ठिपका असतो. पण जोडी उलटी लावली, म्हणजे कोंबडा पट्टेरी आणि कोंबडी लाल, तर हा भेद दिसत नाही. कुठलीही पांढरी कोंबडीही चालत नाही. लेगहॉर्नचा पांढरा रंग वेगळ्या जीनमुळे येतो. शिवाय या संकरित पिल्लांचीच पुढे आपसात पैदास केली की दुसऱ्या पिढीत खूण मोडते. म्हणून ‘माझ्या मित्राकडे रंगावरून कळतं’ असं कोणी म्हणालं तर आधी विचारायचं, आई-बाप कोणते?

तिसरी पद्धत पिल्लाची गुदद्वाराची जागा हलक्या दाबाने उलटवून आतला बारीक उंचवटा पाहण्याची. ही जपानची देणगी. मासुई आणि हाशिमोतो या संशोधकांच्या कामातून ती 1920 च्या दशकात पुढे आली आणि पुढच्या काही वर्षांत जपानी जाणकार जगभरच्या हॅचऱ्यांत जाऊ लागले. तरबेज माणूस तासाला हजाराच्या घरात पिल्लं वेगळी करतो आणि क्वचितच चुकतो. पण ती नजर तयार व्हायला बराच सराव लागतो, कारण काही माद्यांतही तसा उंचवटा असतो. घरी करून बघू नका, एवढ्याशा पिल्लाला इजा होते. तीन आठवड्यांच्या पिल्लाच्या बाबतीत तर हा विषयच नाही.

मग तुमच्या पिल्लांचं काय करायचं? थांबायचं, आणि थांबताना नीट बघायचं. सगळी एकाच रवणीतली किंवा एकाच वयाची असतील तर काम सोपं होतं, कारण इथे पिल्लू सुटं बघून काही कळत नाही, शेजारच्या पिल्लाशी ताडून बघावं लागतं. पायात वेगवेगळ्या रंगाच्या प्लॅस्टिकच्या रिंगा घाला (पिल्लू वाढेल तशा बदला, नाहीतर पायात रुततात) आणि आठवड्यातून एकदा बाजूने फोटो काढून ठेवा.

चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून तुरा बोलायला लागतो. नराचा तुरा बुडाशी रुंद होतो, पिवळट रंग जाऊन गुलाबी आणि मग लाल होतो, चोचीखालच्या लोंबत्या पाळ्याही दिसू लागतात. मादीचा बराच काळ बारीक आणि फिकट राहतो. सहा ते आठ आठवड्यांत बहुतेक पिल्लांबद्दल पैज लावता येते. याच काळात जाड अंगाच्या जातींत माद्यांची पाठ आणि शेपूट आधी भरते. नर पाठीवर उघडे, शेपटाच्या जागी नुसता खुंट, असे काही दिवस फिरतात. नराचे पाय जाड असतात. छाती काढून एकमेकांवर धावून जाणं हीही खूण मानतात. मी तिला फार किंमत देत नाही, माद्याही त्या वयात भांडतात.

तुऱ्याचा नियम सगळ्या जातींना सारखा लागू नाही. कडकनाथचा तुरा काळपट, त्यामुळे लाली शोधत बसू नका, आकार बघा. असील आणि असीलच्या रक्ताच्या पिल्लांचा तुरा मुळातच वाटाण्याएवढा बसका. तिथे पाय आणि उंचीवर जास्त भर द्या. उशिरा, म्हणजे अठरा-वीस आठवड्यांना, एखाद्या पिल्लाचा तुरा एकदम लाल झाला तर ‘अरेरे, कोंबडा निघाला’ म्हणू नका. बहुधा तलंग अंड्यावर आलीय.

ज्या खुणेवर मी शेवटचा शिक्का मारतो ती म्हणजे शेपटीच्या मुळाशी, कमरेवरून दोन्ही बाजूंना ओघळणारी पिसं. साधारण दहा ते चौदा आठवड्यांत नराची ही पिसं लांब, टोकदार आणि चमकदार होतात. मादीची गोल टोकाचीच राहतात. यात गंमत अशी की पिसांचा ‘मूळ’ नमुना कोंबड्याचा आहे. मादीच्या अंडाशयातल्या इस्ट्रोजेन या हार्मोनमुळे ती गोल होतात. म्हणूनच अंडाशय निकामी झालेल्या म्हाताऱ्या कोंबडीला कधीकधी कोंबड्यासारखी पिसं येतात आणि गावात शकुन-अपशकुनाच्या गप्पा सुरू होतात. आरवण्याची वाट बघू नका; कुणी दोन महिन्यांत आरवतो, कुणी चार महिन्यांतही गप्प असतो.

दोरीला अंगठी बांधून पिल्लावर धरणं, पिल्लू उलटं टांगून ते कसं तडफडतं ते बघणं, हे सगळं सोडून द्या. टोकदार अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून तलंग हे तुमच्या आजीनेही सांगितलं असेल. अॅरिस्टॉटल नेमकं उलटं सांगतो, त्यानंतरचा रोमन लेखक प्लिनी पुन्हा आजीच्या बाजूने. अंड्याच्या आकाराचा नर-मादीशी संबंध नाही.

आता जरा अप्रिय. अंड्यांच्या जातीतले नर अंडी देत नाहीत आणि मांसही धरत नाहीत, म्हणून हॅचरीला ते नको असतात. जर्मनीने 1 जानेवारी 2022 पासून अशी पिल्लं मारण्यावर बंदी घातली. आता तिथे अंड्यातच लिंग तपासतात. आपल्याकडे यातली बरीच पिल्लं स्वस्तात फेरीवाल्यांच्या टोपल्यांत येतात, गुलाबी-हिरवी रंगवून जत्रेतही विकली जातात. तुमची पिल्लं पिवळीधमक, एकसारखी आणि फारच स्वस्त होती का? तसं असेल तर दहाही नर निघण्याची तयारी ठेवा. रंगीबेरंगी, प्रत्येक वेगळं असेल तर ती खरोखर गावरान असण्याची शक्यता जास्त, आणि मग निम्मी-निम्मी धरा. तरीही दहात सात किंवा जास्त नर निघणं हे निव्वळ योगायोगानेही साधारण सहात एकदा होतं, तेव्हा विक्रेत्याशी भांडायला जाण्याआधी हे लक्षात असू द्या.

पुढच्या वेळी अंड्यांसाठीच घ्यायच्या असतील तर अडीच-तीन महिन्यांच्या तलंगा घ्या. महाग पडतात, पण काय घेतलं ते डोळ्यांना दिसतं. अंड्यांसाठी कोंबडा लागतच नाही. पिल्लं काढायची असतील तर आठ-दहा माद्यांमागे एक पुरतो. जास्तीचे नर गटारीच्या आसपास विका, गावरान कोंबड्याला तेव्हा भाव चांगला येतो.

सहा आठवडे झाले की फोटो टाका. तुरा आणि शेपूट दोन्ही दिसतील असा, बाजूने आणि उजेडात.