मागचा सिलेंडरच का तापतो?

प्रश्न : वडिलांची 1972 ची अँबेसेडर मार्क टू मी अजून चालवतो. रविवारी रामटेकला जाऊन आलो की बॉनेट उघडून टेंपरेचर गनने मोजतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या लोखंडी नळीवर) समोर 240, मधे 310, मागे 285 अंश. हेडवर, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणावर, पहिल्या प्लगजवळ 88, सगळ्यात मागच्या चौथ्याजवळ 106. डॅशबोर्डवरचा काटा मात्र ठीक. मेकॅनिक म्हणतो हेड उतरवू. काय करू?
– एक वाचक, मानेवाडा

उत्तर : भाऊ, हेडला इतक्यात हात लावू देऊ नका.

मधल्या 310 ची काळजी तर सोडूनच द्या. तुमच्या 1489 सीसीच्या इंजिनात सिलेंडर चार, पण जळका धूर बाहेर पडायची तोंडं तीनच. पहिल्याचं वेगळं, चौथ्याचं वेगळं, दुसऱ्या-तिसऱ्याचं मिळून एक. दोघांचा जाळ एकाच वाटेने निघतो म्हटल्यावर तिथलं लोखंड जास्त तापणारच. गाडी नवी होती तेव्हाही तापत होतं.

मला खटकतात ते 88 आणि 106. आधी मोजणी पक्की करा. चकचकीत धातूवर ही गन कमी आकडा दाखवते, म्हणून चारही प्लगांजवळ उष्णता सोसणाऱ्या काळ्या मॅट रंगाचा एकेक ठिपका द्या आणि सारख्याच अंतरावरून मोजा. तरीही फरक राहिला तर तो खरा. काट्यावर विसंबू नका. त्याला तापमान कळवणारा सेंडर हेडच्या समोरच्या टोकाला, थर्मोस्टॅटपाशी (पाण्याची वाट उघडणाऱ्या झडपेपाशी) बसतो. मागे काय शिजतंय ते त्याला कळतच नाही.

पाण्याचा पंपही समोरच. मागे जाईस्तोवर पाण्याचा जोर ओसरतो, आणि ब्लॉकचा, म्हणजे सिलेंडर असलेल्या लोखंडी ठोकळ्याचा गंज, बोअरच्या पाण्यातले क्षार सगळे चौथ्या सिलेंडरभोवती जमतात. आपल्या नागपूरच्या मे महिन्यात वाटेत रेडिएटर भरताना मिळेल ते पाणी घातलं जातं, त्याचं हे फळ. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण काढा आणि ब्लॉकच्या बाजूला, मागच्या अंगाला असलेली ड्रेनची तोटी उघडा. पाणी धारेने आलं तर उत्तम. नुसतं ठिबकलं किंवा आलंच नाही, तर तोटी अख्खी काढून भोकात जाड तार घाला. सुरुवातीला तार कशाततरी रुतल्यासारखी वाटते, मग तपकिरी चिखलाचा गच्च लगदा निघतो आणि त्यामागून पाणी भसकन सुटतं. गणेशपेठेत गॅरेज चालवताना इतक्या अँबेसेडरमध्ये हे पाहिलंय की अशा तक्रारीला माझा पहिला हात त्या तोटीवरच जातो.

गाळ निघाला की होसपाइप लावून उलट्या दिशेने पाणी सोडा, स्वच्छ येईपर्यंत. अ‍ॅसिड मात्र कुणाला टाकू देऊ नका. गंजाबरोबर ते चांगलं लोखंडही खातं, आणि असा ब्लॉक आता सहजासहजी मिळत नाही. नंतर डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, नळाचं पाणी नको.

धार चांगली आली तर मात्र प्लग काढून ओळीने ठेवा. हवा-पेट्रोल आत जायची तोंडं दोनच आहेत, एक-दोनचं एक, तीन-चारचं एक. तिसरा आणि चौथा असे दोन्ही प्लग पांढरट दिसले तर त्या बाजूला हवा-पेट्रोल आत नेणाऱ्या मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून (जोडात बसणाऱ्या पट्टीतून) हवा शिरतेय, मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. थंड इंजिन सुरू करून लगेच त्या जोडावर साध्या पाण्याचा फवारा मारा. इंजिनचा आवाज बदलला की गळती सापडली. पेट्रोल शिंपडायचं नाही, एक्झॉस्ट अगदी शेजारी आहे.

फक्त चौथाच वेगळा दिसला तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब, मोजून घ्या. हेड पूर्वी कधी उतरवलं होतं का, हेही घरच्यांना विचारा. हेडखालचं गॅस्केट चुकीचं बसलं तर मागची पाण्याची भोकं झाकली जातात, आणि तसं असेल तर तुमच्या मेकॅनिकचं म्हणणं बरोबर.