कमाईची मुदत आणि फुकटची चित्रं

प्रश्न: मुलगी बारावीत आहे, गुण ८१ टक्के. रोज चार-पाच तास जलरंगात पक्षी रंगवते आणि स्वतःची चित्रं विकूनच जगायचं म्हणते. 'वर्षभरात कमवून दाखव, नाहीतर इंजिनिअरिंग,' असं मी बजावलं आहे. शिकाऊ आहे तोवर भाव कमी ठेव, असंही सांगतो. तिची चित्रं मी ओळखीच्यांना भेट देतो, सगळ्यांना आवडतात. कोणत्या कोर्सला खात्री आहे? – एक पालक

उत्तर: गुणांची मला काळजी नाही, तुमच्या भेटींची आहे. नव्या चित्रकाराचे पहिले ग्राहक बहुतेकदा ओळखीतलेच असतात. त्यांना तुम्ही फुकटाची सवय लावलीत आणि वर मुलीकडे कमाईचा हिशेब मागताय! भेटी आजपासून बंद. कोणतं चित्र कुणाकडे गेलं याची यादी करा आणि ती चित्रं परत मागून निदान स्कॅन करून घ्या, पोर्टफोलिओत (तिच्या निवडक कामाच्या संग्रहात) लागतील.

मुदतीचंही तसंच. वर्षाच्या धाकाने मुलं फोटोवरून पोर्ट्रेट करून द्यायच्या ऑर्डरी घेत सुटतात. पैसे येतात, पण वर्षअखेर दाखवायला स्वतःचं काही उरत नाही. गॅलरीला एका विषयावरची, एकाच हातची वाटणारी १५-२० चित्रं लागतात आणि तेवढी जमायला त्याच्या दुप्पट तरी रंगवावी लागतात. पहिल्या वर्षी काही मोजायचंच असेल तर ही चित्रं मोजा.

'शिकाऊ म्हणून भाव कमी' ही समजूत सर्वांत महाग पडते. कागद, रंग, फ्रेम यांच्या खर्चात तासांची मजुरी मिळवा, मग विक्रेत्याचा वाटा धरा. गॅलऱ्या अनेकदा विक्रीचे ४० ते ५० टक्के घेतात. ५० टक्के गेले, तर हातात हवे त्याच्या दुप्पट किंमत लावावी लागते, आणि घरून विकतानाही तीच. घरी निम्म्यात मिळतं हे कळलं की गॅलरी पुन्हा विचारत नाही. भाव चौरस इंचावर ठरवा, म्हणजे 'हे माझं लाडकं म्हणून महाग' हा घोळ होत नाही. पुढे भाव वाढवता येतो; उतरवला की आधीचा ग्राहक दुखावतो.

मूळ चित्र न परवडणाऱ्यांसाठी प्रिंट काढा. त्यासाठी फ्रेम करण्याआधीच स्कॅन करायचं. ए३ प्रिंटला ३०० डीपीआयने (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) साधारण ३५०८ × ४९६१ पिक्सेल लागतात. फोनच्या फोटोत कडा वाकतात, पांढरा कागद पिवळट येतो. कागद आम्लरहित, शाई पिगमेंटची, म्हणजे रंगकणांची. ३० प्रतींची आवृत्ती जाहीर केली की एकतिसावी काढायची नाही. आणि ट्यूबवरचा पिगमेंट कोड वाचायची सवय लावा. पीआर ८३, म्हणजे अस्सल अलिझरिन क्रिमझन हा लाल रंग, उजेडात उडतो. पातळ हाताने रंगवलेली पक्ष्याची लाल छाती ग्राहकाच्या भिंतीवर फिकट पडली, तर तक्रार तिच्याकडेच येणार.

कोर्सचं म्हणाल तर खात्री कुठल्याच कोर्सला नाही, इंजिनिअरिंगलाही. ललितकलेच्या पदवीसाठी रेखाटन आणि पोर्टफोलिओची तयारी सुरू करा. मात्र बिल करणं, पॅकिंग आणि ऑर्डरच्या लेखी अटी (अर्धे पैसे आगाऊ, बदल दोनदाच) हे बहुतेक वर्गांत शिकवत नाहीत. ते तिला घरीच शिकावं लागेल, आणि त्यात तुम्ही खरंच कामाला येऊ शकता.