एकाच मापाची रॉकेटं गठ्ठ्याने बांधून छोटे उपग्रह स्वस्तात सोडता येतील का?

तुमचा प्रश्न असा: एकाच मापाची साधी, स्वस्त रॉकेटं बनवून हवी तेवढी एकत्र बांधली, तर पुण्यातल्या एखाद्या कॉलेजची टीमसुद्धा छोटा उपग्रह कक्षेत नेऊ शकेल का? मी भोसरीत प्रेशर व्हेसल आणि व्हॉल्व्हच्या कामात आहे, रॉकेटवाला नाही. पण प्रश्न निम्मा आमच्याच धंद्यातला आहे, म्हणून लिहितो.

हे आधी करून झालंय. लुट्झ कायझर या जर्मन इंजिनिअरने १९७५ मध्ये ओट्राग नावाची कंपनी काढली ती याचसाठी. २७ सेंटिमीटर व्यासाचे लांब पाइप, आत नायट्रिक ॲसिड आणि केरोसीन. इंधन जोराने इंजिनात ढकलणारा टर्बोपंपच नाही, टाकीत दाबून भरलेली हवा इंधन खाली ढकलणार. व्हॉल्व्ह फिरवायला गाडीच्या वायपरची मोटर! इंजिन हलवून दिशा देण्याची भानगडही नाही, ज्या बाजूला वळायचं तिकडच्या पाइपांचा जोर कमी करायचा. १९७७-७८ मध्ये आफ्रिकेतल्या झाइरेत (आजचं काँगो) मोजक्या पाइपांच्या रॉकेटच्या चाचण्या झाल्या, त्यातल्या काही नीट उडाल्यासुद्धा. मग राजकीय दबाव आला, तिथून गाशा गुंडाळून मंडळी लिबियात गेली. कक्षेत मात्र त्यांचं काहीच पोचलं नाही.

राजकारण आडवं आलं नसतं तर पोचलं असतं का? मला शंका आहे, आणि ती पाइपांच्या संख्येमुळे नाही. लोक म्हणतात, बारीक पाइप खूप घेतले की पत्रा जास्त लागतो. दाबाच्या टाकीला हे तसं लागू होत नाही. दाब तोच असेल तर व्यास निम्मा केल्यावर जाडीही निम्मी पुरते, म्हणजे लिटरमागे पत्र्याचं वजन जवळपास तेवढंच. खरी मेख दाबात आहे. पंप असेल तर टाकीत थोडासा दाब पुरतो आणि पत्रा पातळ चालतो. पंप काढला की अख्खी टाकी इंजिनपेक्षाही जास्त दाबाची करावी लागते. वर प्रत्येक पाइपाला दोन टोकं, त्यांची वेल्डिंग, व्हॉल्व्ह, जोड. हे मेलं वजन वर न्यायचंय कुठे, तर ५०० किलोमीटर उंचीवर सेकंदाला साधारण ७.६ किलोमीटर वेगाने. हवेचा अडथळा आणि गुरुत्वाकर्षण धरून रॉकेटला नऊच्या वरची तयारी ठेवावी लागते. तिथे किलो-किलोचा हिशोब असतो.

दुसरं म्हणजे भरवसा. एक मॉड्यूल, म्हणजे एक पाइप-रॉकेट, शंभरात ९९ वेळा नीट चालतं असं धरा. असे ३६ बांधले आणि सगळेच चालणं गरजेचं असेल, तर मोहीम यशस्वी व्हायची शक्यता जेमतेम ७० टक्के. एखादं बंद पडलं तरी भागेल अशी रचना करता येते, पण मग समोरच्या बाजूचंही बंद करायचं, नाहीतर रॉकेट कलंडेल. म्हणजे पुन्हा सेन्सर, पुन्हा वायरिंग.

आणि एक टप्पा दुसऱ्यापासून सुटतो ते जोड तर वाईटच. इस्रोचं छोट्या उपग्रहांसाठीचं रॉकेट एसएसएलव्ही घ्या: तीन घन-इंधनाचे टप्पे, वजन १२० टनांच्या आसपास, ५०० किलो माल ५०० किलोमीटरवर. ७ ऑगस्ट २०२२ च्या पहिल्या उड्डाणात तिन्ही टप्पे व्यवस्थित जळले. पण दुसरा टप्पा सुटताना क्षणभर जो हादरा बसला त्याने ॲक्सेलरोमीटर (वेगातला बदल मोजणारे सेन्सर) भांबावले, संगणकाने सेन्सर बिघडलेत असं ठरवलं आणि उपग्रह ३५६ x ७६ किलोमीटरच्या निरुपयोगी कक्षेत गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये दुसरं उड्डाण जमलं.

मग मॉड्यूलची कल्पना टाकाऊ का? अजिबात नाही, फक्त ती इंजिनात मुरलीये. रॉकेट लॅब कंपनीच्या इलेक्ट्रॉन या छोट्या रॉकेटच्या पहिल्या टप्प्यात एकसारखी नऊ रदरफोर्ड इंजिनं असतात. चेन्नईच्या अग्निकुल कंपनीने आपल्या अग्निबाण रॉकेटचा आराखडाच असा केलाय की मालाच्या वजनाप्रमाणे खालची इंजिनं चार ते सात लावता येतील. याचं गणित आमच्याकडच्या पोरालाही कळेल: एक जॉब काढला तरी सेटिंगचा खर्च पूर्ण पडतो, लॉट निघाला की तो वाटला जातो. पण लॉट निघायला ऑर्डर लागते, आणि तिथे छोट्या रॉकेटांची गोची आहे, कारण मोठी रॉकेटं उरलेल्या जागेत छोटे उपग्रह सहज नेतात. आपल्या पुण्याच्या सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांचा उपग्रह ‘स्वयम्’, वजन एक किलोच्या आत, २२ जून २०१६ ला पीएसएलव्हीवर इतर १९ उपग्रहांसोबत असाच गेला. तुम्हाला उपग्रहच सोडायचा असेल तर हाच रस्ता धरा.

रॉकेटचीच हौस असेल तर ॲसिडच्या नादी लागू नका, आधी पाण्यावर काम करा. एकाच लॉटचे आठ सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडणारे) आणा, एका मॅनिफोल्डवर (सगळ्यांना पाणी पुरवणाऱ्या सामाईक नळीवर) बसवा, सगळ्यांना एकच सिग्नल द्या आणि प्रत्येक किती मिलिसेकंदांनी उघडतो ते नोंदवा. कॅटलॉगमधला आकडा आणि तुमचे आठ आकडे शेजारी मांडा, म्हणजे एकाच मापाचे भाग खरंच एकसारखे चालतात का ते कळेल. तेवढा डेटा इथे टाकलात तर पुढचं बोलू.