पाटी कोणी लावली, ते आधी बघा

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सांगलीत मारुती रोडवर टीव्हीएसची एक्सएल मोपेड दुकानासमोर लावली तर दुकानदार ‘फक्त गिऱ्हाइकांसाठी’ म्हणून हाकलतो, पलीकडं लावली तर मोबाइलवर पाचशेचं चलन येतं. एवढ्याशा मोपेडला काही वेगळी मुभा आहे का?

नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये लूना, एक्सएल आणि बुलेट पार्किंगपुरती एकाच रांगेत उभी आहेत. ५० सीसीपर्यंतच्या गाडीचा वेगळा उल्लेख आहे तो लायसन्सच्या वयासाठी. ती सोळाव्या वर्षी चालवता येते. एक्सएल हंड्रेडचं इंजिन ९९.७ सीसीचं, म्हणजे तिला तीही सवलत लागू नाही. (दहावीतल्या पोराला दुधाचे कॅन देऊन पाठवणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचावं.)

आता दुकानदार. त्याच्या जागेच्या हद्दीत लावलेली गाडी काढायला तो सांगू शकतो, पण गटारीच्या अलीकडचा डांबरी रस्ता त्याचा नाही. गाड्या कुठं उभ्या करायच्या हे शासन किंवा शासनानं अधिकार दिलेली यंत्रणा महापालिकेशी विचारविनिमय करून ठरवते. कलम ११७ तेच सांगतं. वाहतुकीची पाटीही अशा यंत्रणेशिवाय कुणाला उभी करता येत नाही. ऑइलपेंटनं शटरवर रंगवलेलं ‘नो पार्किंग, हवा सोडली जाईल’ म्हणजे नुसती धमकी. हवा सोडलीच तर तक्रार तुम्ही करायची.

पण त्याच्या शटरचा किंवा गेटचा रस्ता अडवून लावाल, तर पाटी नसली तरी चूक तुमचीच. २०१७ च्या वाहनचालन विनियमांत हे स्पष्ट आहे: घराच्या-दुकानाच्या येण्याजाण्याच्या वाटेसमोर, फुटपाथवर, बसथांब्याजवळ, झेब्रा पट्ट्यावर, लावलेल्या गाडीशेजारी दुसरी रांग करून, कुठंच लावायची नाही. ‘फुटपाथवर चढवली, रस्ता तरी मोकळा ठेवला’ हा युक्तिवाद मी स्वतः एकदा करून बघितलाय. हवालदार हसला आणि फोटो काढला.

मी सतरा वर्षं गणपती पेठेत बेदाण्याची पाकिटं एक्सएलवर टाकतोय, तेव्हा खरी मेख सांगतो: सम-विषम. आपल्याकडं अरुंद रस्त्यावर पी-१ म्हणजे विषम तारखेला गाडी लावायची बाजू, पी-२ सम तारखेला. २७ तारखेला संध्याकाळी पी-१ ला लावून मी पाहुण्यांच्या गाडीतनं कोल्हापूरला गेलो, मुक्काम पडला. दुसऱ्या दिवशी दुपारी परत येतोय तर जागा रिकामी. गाडी तीच, जागा तीच, तारीख फिरली होती. टोइंगचे वेगळे, दंडाचे वेगळे, आणि डिकीतला माल उन्हात तापला तो निराळाच. आणखी एक गंमत म्हणजे ३१ आणि १ दोन्ही विषम. त्या दोन दिवसांत बाजू बदलत नाही, आणि सवयीनं बदलणारा सापडतो.

चुकीच्या पार्किंगला मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली दंड पहिल्यांदा ५००, नंतर प्रत्येक वेळी १५००. म्हणून चलन चुकीचं वाटत असेल तर ‘पाचशेच तर आहेत’ म्हणून भरून मोकळं होऊ नका. महाट्रॅफिक ॲपवर चलन उघडलं की फोटो दिसतो, तिथंच तक्रार करायची सोय आहे. त्याच दिवशी जाऊन रस्त्याच्या दोन्ही टोकांचे फोटो काढा. पाटी फांदीमागं झाकलेली असेल किंवा फ्लेक्सखाली गाडली गेली असेल, तर तोच तुमचा पुरावा. आठ दिवसांनी गेलात तर फ्लेक्स उतरलेला असतो.

नंबरप्लेट नसलेल्या, ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या छोट्या इलेक्ट्रिक गाड्यांबद्दलही तुम्ही विचारलंय. २५० वॅटच्या आतली मोटर असेल तर ती कायद्यानं मोटार वाहनच नाही, त्यामुळं नंबरवर चलन पडत नाही. म्हणून ती चौकात कुठंही टाकायची असं मात्र नाही. सार्वजनिक वाट अडवली तर भारतीय न्याय संहितेचं कलम २८५ लागतं आणि तिथं दंड ५,००० पर्यंत जातो.

तुमच्या चलनातल्या फोटोत पाटी दिसते का, आणि तारीख सम होती की विषम, एवढं बघून सांगा. तक्रारीत काय लिहायचं ते त्यावर ठरेल.